पट्ट्यापट्ट्यांची सावली

कोल्हापूर, २० फेब्रुवारी १९७८

रामलिंगा,

खुशाली शेवटी विचारते. आधी कामाचं.

तुझ्या आईनं सांगितलं, आमच्या चौकाचं काम तुझ्याकडं आलंय. पुण्यात बसून तू आमचा चौक बांधणार. बांध. मी चौथी झालेली बाई, तुला शिकवायला बसले न्हाई. एकच सांगायचं हाय ते नीट वाच.

चौकाच्या मधी पाण्याची जुनी दगडी टाकी हाय ती तुला माहीत हाय. लहानपणी तू तिच्यावर चढलतास आणि उतरता येईना म्हणून रडलतास. मीच उतरवलं. तर सकाळी त्या टाकीची सावली पश्चिमेला पडती. तिथं मी फुलांची पाटी मांडून हार ओवत बसते. उन्हं डोक्यावर आली की सावली टाकीच्या बुडात शिरती. मग ती पलीकडनं, पूर्वेला निघती. तिथं चाँदबी बागवान लिंबं घेऊन बसती. दुपारनं सावली तिची. माझा मालक, तुझा मामा, गेला त्या सालापासनं असंच चाललंय. टाकी एक, सावली एक, बायका दोन.

आता तू नवं बांधणारच हाईस तर असं बांध की दुपारचीबी सावली माझ्याकडं पडंल. फुलाला ऊन सोसत न्हाई. लिंबाला काय हुतंय? लिंबू झाडावर उन्हातच असतंय की. हे चाँदबीला सांगितलं तर म्हणाली, मग फूल काय झाडावर माजघरात असतंय? तिला उत्तर द्यायला मला वेळ नव्हता, गिऱ्हाईक आलतं.

एवढं कर. मी तुझ्या बापाची सख्खी बहीण हाय, परकी न्हाई.

बायको-पोरं बरी असतील. विचारली खुशाली.

चन्नम्मा आत्ती


पुणे, २ मार्च १९७८

ती. चन्नम्मा आत्तीस,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. सगळे हसले, पण साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, या बाईंना प्रश्न कळला आहे.

हे माझं पहिलं स्वतंत्र काम. सही साहेबांची असेल, कल्पना माझी आहे. ती अशी. आपण इमारत बांधतो आणि तिची सावली पडेल तशी पडू देतो. मी उलटीकडून निघालो आहे. सावली हासुद्धा बांधकामाचा माल आहे, वीट आणि सिमेंटसारखा. आधी सावली कुठे हवी ते ठरवायचं आणि मग तिच्यासाठी बांधायचं. टाकी गळते म्हणून चौक समिती ती पाडणारच आहे. तिच्या जागी चौकभर उंच खांब येतील, वर सिमेंटच्या लांब पट्ट्या, मधे मोकळ्या फटी. खाली फरशीवर ऊन आणि सावलीचे पट्टे पडतील आणि दिवसभर हळूहळू सरकत राहतील. लोक उभे राहून बघतील.

सावली कुणा एकाच्या पाटीवर पडेल असं मात्र मी करू शकत नाही. चौक सगळ्यांचा आहे.

एक मदत हवी. चौकाचा जुना नकाशा मला खात्रीचा वाटत नाही, त्यात उत्तर दिशा चुकली असावी. एका दिवसात टाकीच्या सावलीच्या तीन खुणा करशील का? एक सकाळची, एक दुपारी चारची, आणि एक सावली सगळ्यात आखूड होईल तेव्हाची. ही मधली खूण पक्की कर, तिच्यावरूनच दिशा ठरते. नव्या चौकाच्या चित्राची प्रत सोबत पाठवतो.

तुझा रामलिंग


कोल्हापूर, १४ मार्च १९७८

रामलिंगा,

चित्र पोचलं. नळकांड्यातनं काय आलंय म्हणून पोस्टमन हलंना, मग त्यालाबी दाखवलं. चौकातल्या सगळ्यांनी बघितलं. चाँदबीनं उलटं धरून बघितलं आणि म्हणाली, लुगड्याचा काठ म्हणून बरा हाय.

आता माझं ऐक. पट्ट्यापट्ट्यांची सावली ही काय सावली झाली? अर्ध्या हाराला ऊन आणि अर्ध्याला सावली. गिऱ्हाईक म्हणंल, मावशी, एकाच बाजूचा हार द्या. अंगावर पट्टे घेऊन बसायला आम्ही काय वाघ हाय? छप्पर घालायचं तर सरळ पत्रा घाल आणि मोकळा हो.

दुसरं. तुझ्या चित्रात माणसं हाईत. एक बाई पर्स घेऊन चाललीय, एक टोपीवाला नुस्ताच उभा हाय, एक पोरगं फुगा धरून हाय. पाटी एकाजवळबी न्हाई. ही माणसं चौकात कशाला आलीत ते मला कळलं न्हाई. विकायला कोण न्हाई, घ्यायला काय न्हाई. फुगा तेवढा कुठनं आला?

खुणा केल्या. सकाळची रेघ चुन्यानं ओढली. सगळ्यात आखूड सावली कधी हुती ते बघायला टाकीच्या बुडाशी वाकून उभी राहिले, तर माणसं गोळा झाली आणि विचारायला लागली, आक्का, काय हरवलं? पुण्याचं सरकारी काम हाय म्हणून सांगितलं, तरी एकजण माझ्याबरोबर हुडकत राहिला. चुन्याची खूण तिथं टिकंना, येणारा-जाणारा पाय देतोय. म्हणून पंचगंगेतला एक गुळगुळीत गोटा आणून बरोबर त्या ठिकाणी ठेवला. चुना फासला आणि कुणी लाथाडू नये म्हणून भोवतीनं बारके खडे लावले. दुपारी चारची रेघबी ओढली. सगळं काठीनं मापून कागदावर उतरवलंय, तो कागद यात घातलाय.

माझ्या सावलीचं काय ठरलं ते लिही.

चन्नम्मा आत्ती


पुणे, २२ मार्च १९७८

ती. आत्तीस,

कागद मिळाला. गोट्यामुळे उत्तर दिशा सापडली. जुना नकाशा खरोखरच चुकलेला निघाला. साहेब खूश आहेत.

पण दुपारी चारच्या रेघेबद्दल बोलायला हवं. तुझ्या कागदाप्रमाणे चार वाजता सूर्य पश्चिमेला आहे आणि टाकीची सावलीही पश्चिमेलाच पडली आहे, नेमकी तुझ्या पाटीवर. असं पृथ्वीवर आजवर कुठे झालेलं नाही. ती रेघ मी खोडली.

पत्रा नको. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली तू बसून बघ. पट्ट्यांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, म्हणून पट्टे. पावसाळ्यात ताडपत्री बांधायला खांबांना कड्या ठेवतो.

चित्रातली माणसं उंचीचा अंदाज यावा म्हणून काढतात, ती कुणी खरी नसतात. पाट्यांबद्दल समितीच्या पत्रात काही नव्हतं, म्हणून पाट्या काढल्या नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस.

रामलिंग


कोल्हापूर, १० एप्रिल १९७८

रामलिंगा,

चारची रेघ मी ओढताना चाँदबीनं कोपर मारलं. म्हणून ती तिकडं गेली.

आता नवीन ऐक. त्या गोट्याला अमावस्येला कुणीतरी कुंकू लावलं. मी सकाळी पाटी मांडायला गेले तर कुंकू, दोन उदबत्त्या आणि नारळाची शेंडी. दुसऱ्या दिवशी शेंदूर. आता तो म्हसोबा झालाय. पांढरा गोटा, भोवतीनं खडे, टाकीची सावली बरोबर त्याच्या पायाशी येऊन थांबती. लोकांना वाटलं आपोआपच निघालाय. एक म्हातारी म्हणती, माझ्या सासूच्या वेळेपासनं हाय, तवा तुमचं लक्ष नव्हतं.

आपल्यात गळ्यात लिंग असताना दगडाच्या पाया पडत न्हाईत, तुला माहीतच हाय. मीबी पडत न्हाई. पण लोकांनी हार मागितला तर काय न्हाई म्हणू? माझी पाटी हाताच्या अंतरावर हाय. उन्हं चढायच्या आत मोकळी हुती.

बसलिंगाप्पा, आपले कापड दुकानवाले, चौक समितीचे अध्यक्ष, त्यांनी पुढाकार घेतलाय. म्हसोबा हाय तिथंच ऱ्हाणार, वर घुमटी बांधायची म्हणत्यात. टाकी पाडायचं थांबलं. म्हणजे सावली राहिली. मला तर काय अडचण दिसत न्हाई.

तू आता पट्टे दुसऱ्या गावात घाल. सांगली बघ.

चन्नम्मा आत्ती


पुणे, १७ एप्रिल १९७८

ती. आत्तीस,

समितीचं पत्र आलं. चौकाच्या मध्यभागी घुमटी, तिच्यावर कळस, बाकी काम रद्द. साहेब म्हणाले, देवाशी भांडायची आपली फी नाही, फाईल बंद करा. माझं पहिलं काम एका गोट्यावर अडलं आहे, आणि तो गोटा तू आणून ठेवलास. माझ्याच सांगण्यावरून.

आत्ती, त्यांना खरं सांग. तू सांगितलंस तर ऐकतील.

आणखी एक. तुझ्या या पत्रात तू चाँदबीला एका कोपरापलीकडे नावं ठेवलेली नाहीत. तुझी तब्येत बरी आहे ना?

रामलिंग


कोल्हापूर, ९ मे १९७८

रामलिंगा,

पत्राला उशीर झाला. लिहायला बसले की उठत होते.

माझी तब्येत बरी हाय. चाँदबी येत न्हाई.

झालं असं. म्हसोबाला हार लागतो तसं लिंबूबी लागतंय. लोक लिंबू तिच्याकडनंच घ्यायचे, दुसरं कोण हाय? घ्यायचे, देवापुढं कापायचे आणि वळून तिलाच म्हणायचे, बाई, जरा लांब बस. आधी एकजण म्हणाला. मग बसलिंगाप्पा स्वतः आले. म्हणाले, "चाँदबी, तुझ्याशी भांडण न्हाई, पण देवाच्या अंगावर पाटी नको. पलीकडं सरक." ती म्हणाली, "अण्णा, पलीकडं ऊन हाय." ते म्हणाले, "ऊन काय आम्ही पाडलं?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून हार ओवत होते. हातात गाठ होती, सोडता येत नव्हती.

ती उन्हात बसली. डोक्यावर ओलं पोतं घेऊन बसायची, लिंबांवर घालायचं ते. मग एका दुपारी तिथंच आडवी झाली. तिचा पोरगा निसार टांगा घेऊन आला आणि घेऊन गेला.

एक गोष्ट तुला आधी लिहिली न्हाई, तू विचारलीबी न्हाईस. सकाळी तिची लिंबं माझ्या पाटीशेजारी असत्यात आणि मी विकते. दुपारी मी घरी जाताना उरलेली फुलं तिच्या ओल्या पोत्याखाली ठेवते आणि ती दिवे लागेपर्यंत विकती. सावली सरकती तसा माल सरकतो. पैशाचं भांडण रोजचं, ते वेगळं. ती येत न्हाई तवापासनं माझी दुपारची फुलं मी गटारात टाकते. म्हसोबा सकाळी घेतोय तेवढंच. संध्याकाळी देवळात जाणाऱ्या बायका दुसरीकडनं गजरा घ्यायला लागल्या.

तिच्या घरी गेलते. खाटंवर पडलेली, कपाळावर फडकं. मला बघून म्हणाली, "आली म्हसोबाची पुजारीण."

मी म्हणाले, "गोटा मी ठेवलाय, तुझ्या डोळ्यांदेखत."

"मला माहीत हाय, तुला माहीत हाय. म्हसोबाला कुणी सांगितलं न्हाई."

मग म्हणाली, "चन्नव्वा, दुपारची फुलं काय करतीस?"

मी तिच्या कपाळावरचं फडकं उचलून परत भिजवलं.

"टाकतीस," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

परवा अमावस्येला चौकात गर्दी होती. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, हा गोटा माझा हाय, टाकीची सावली मापायला नदीवरनं आणलाय, चुना मी लावलाय, खडे मी लावलेत. सगळ्यांनी शांतपणानं ऐकून घेतलं. मग बसलिंगाप्पा म्हणाले, "म्हणजे देवानं तुझ्या हातनं येऊन जागा धरली." दोन बायका माझ्या पाया पडल्या. एकीनं पोराला अंगारा मागितला.

माझ्या सांगण्यानं काय हुत न्हाई. तू शिकलेला हाईस, तुझ्याकडं छापील कागद असत्यात. शिक्का मारून लिहून पाठव की हा दगड मापाचा हाय. लवकर पाठव.

चन्नम्मा आत्ती


पुणे, १५ मे १९७८

ती. आत्तीस,

सोबत ऑफिसच्या कागदावर खुलासा आहे. साहेबांची सही आणि शिक्का आहे. चौकाचा नकाशाही जोडला आहे. त्यात गोट्याच्या जागी लाल फुली करून "सावलीची खूण" असं लिहिलं आहे. यापेक्षा स्पष्ट मला लिहिता येत नाही. समितीला दाखव.

चाँदबी लहानपणी मला मीठ लावून लिंबाची फोड द्यायची. तिला माझा नमस्कार सांग.

रामलिंग


कोल्हापूर, ३० मे १९७८

रामलिंगा,

तुझा कागद समितीला दाखवला. त्यांनी काच बसवून घेतली आणि देवाशेजारी टाकीवर टांगलाय. पुण्याच्या इंजिनेरांनीबी नकाशात देवाची जागा लाल शाईनं मान्य केली, असं बसलिंगाप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत्यात. लाल फुलीला लोक हात लावून नमस्कार करत्यात. काचंवर बोटं उठलीत. तू आता कागद पाठवू नगं.

म्हणून मी बसलिंगाप्पांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं, पुढच्या पायरीवर बसून विडी ओढत होते. पश्चिमेच्या कडेला त्यांचं दुकान, दुपारनं त्या पायरीवर गार सावली असती. रोज तिथंच बसत्यात. मी म्हणाले, "अण्णा, म्हसोबा कशाचा देव?"

"राखणीचा."

"शेताची राखण करतोय तवा कुठं असतोय? मधी का बांधावर?"

"बांधावर. मधी कशाला असंल?"

"मग आपण ह्याला भर चौकात टाकीच्या बुडाशी बसवलाय. त्यानं राखायचं काय? टाकीतलं पाणी?"

विडी विझली. परत पेटवली. म्हणाले, "मग त्याला जागा कुठली पाहिजे म्हणतीस?"

"कडंची. उंचावरची. पेठेत कोण येतंय, कोण जातंय ते दिसलं पाहिजे. मला तर ह्या पायरीशिवाय दुसरी दिसत न्हाई."

"पायरी माझ्या बापानं बांधलीय."

"मग बापाचं नाव लागंल की."

विडी टाकून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच चौकात सांगितलं की म्हसोबा स्वप्नात आलता आणि त्यांच्या दुकानाची पायरी मागून घेतली. मी म्हणाले, बरं. गेल्या मंगळवारी हलगी लावून नेला. मीच हार दिला. खड्यांसकट नेला, एकबी खडा राहू दिला न्हाई.

आता टाकीची सावली मोकळी हाय. चाँदबीला निरोप धाडलाय. म्हणाली, "आधी टाकी पाडणार का ठेवणार ते विचार. परत परत जागा बदलायला मी काय पाहुणी हाय?" तिचं खरं हाय. देव हलला म्हणजे टाकी पडणार, आणि टाकी पडली की तुझे पट्टे येणार. म्हणून आता तूच नीट काढ.

चित्रात पाट्या काढ. माणसं न्हाई काढलीस तरी चालंल. जे चित्रात न्हाई ते समिती चौकात बसू देत न्हाई, हे मला आता कळलंय. देव चित्रात आला तर किती दिवस बसला बघितलंस न्हवं?

पट्टा केवढा पाहिजे ते सांगते. सोबत सुतळी हाय. पहिल्या गाठीपर्यंत मी आणि माझी पाटी. दुसरी गाठ चाँदबीची. ती जाड हाय. दुसऱ्या गाठीनं पट्टे काढ.

चन्नम्मा आत्ती


पुणे, १६ जून १९७८

ती. आत्तीस,

फाईल पुन्हा उघडली. सुतळी बघून साहेबांनी विचारलं, हे माप कशाचं? मी सांगितलं, बाई आणि पाटी. त्यांनी ती नकाशाच्या कोपऱ्यात टाचून ठेवली.

पट्ट्या आणि फटी दोन्ही आता दुसऱ्या गाठीच्या रुंदीच्या आहेत, चौकभर, दक्षिणोत्तर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली पट्ट्यापट्ट्यानं पूर्वेकडे सरकेल आणि माणसाला शेजारी सरकता येईल. पाट्या काढल्या आहेत, प्रत्येक पट्ट्यात. फुगेवाल्या पोराला काढून टाकलं. पश्चिमेला पायरीवर देव दाखवला आहे, समितीच्या अध्यक्षांच्या वडिलांच्या नावासह. मला वाटतं सही होईल.

अर्धा हार उन्हात राहील हा तुझा आक्षेप अजून माझ्या डोक्यात आहे. बांधून होईपर्यंत मला त्याचं उत्तर कळणार नाही.

रामलिंग


पुणे, १८ एप्रिल १९८०

ती. आत्तीस,

गेल्या महिन्यात फोटोग्राफर पाठवला होता, तो तुला भेटला असेल. स्थापत्याच्या एका मासिकात आपला चौक छापायचा आहे, सावलीच्या कामाचा नमुना म्हणून. फोटो आले. एक सोबत पाठवतो.

आत्ती, मी हताश झालो आहे. समोरच्या गच्चीवरून भर दुपारी काढलेला फोटो, ऊन स्वच्छ, वेळ नेमकी. आणि सावली कुठेच दिसत नाही. फरशीवरची नक्षी दिसावी म्हणून हा सगळा खटाटोप, तर फोटोत नुसती डोकी, पाट्या, छत्र्या, एक सायकल, आणि कुणीतरी आडवं झोपलेलं. मासिकवाले म्हणतात, यात सावली दाखवा. फोटोग्राफर म्हणतो त्यानं थोडा वेळ उठायला सांगितलं, तर एका बाईनं त्याला लिंबू फेकून मारलं.

तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येईल. अर्धा तास चौक मोकळा करून देशील का? तुझं ऐकतात.

रामलिंग


कोल्हापूर, २६ एप्रिल १९८०

रामलिंगा,

चौक मोकळा हुणार न्हाई. फोटोग्राफरला पाठवू नगं, लिंबं महाग झालीत.

फोटो पोचला. सगळ्यांनी बघितला. चाँदबीनं ह्या वेळी सरळ धरला. आता मी सांगते तसा तूबी बघ.

डाव्या अंगाला पायरीवर म्हसोबा दिसतोय. घुमटी बांधली न्हाई. उन्हं डोक्यावरनं कलत न्हाईत तवर उन्हात असतोय, त्याला चालतंय. पायरीवर आता कुणाला बसता येत न्हाई, देवाकडं पाठ हुती. म्हणून बसलिंगाप्पा दुपारी चौकात येऊन बसत्यात. मधल्या पट्ट्यात टकलावर रुमाल टाकून बसलेला माणूस दिसतोय ते बसलिंगाप्पा. त्यांच्या शेजारी लिंबाची पाटी हाय. सावली सरकली तरी ते विडीच्या नादात हलत न्हाईत, मग चाँदबी म्हणती, "अण्णा, पलीकडं सरका." ते सरकत्यात.

चाँदबीच्या शेजारी तोंड फिरवून बसलेली मी. त्या दिवशी भांडण चालू होतं. आधी तिची-माझी गाठ दुपारी एकदा पडायची तवा एकदा भांडण व्हायचं. आता दोघी दिवसभर सावलीत, दिवसभर भांडण. हे तू केलंस. हार अर्धा उन्हात यायला लागला की आम्ही सगळ्याजणी एकदम उठतो आणि एक घर सरकतो. एखादी विसरली तर शेजारची पाटीसकट ढकलती. दुपारची फुलं मी दिवे लागेपर्यंत स्वतः विकते. आता टाकत न्हाई. हे तुला सांगायचं न्हाई असं ठरवलं होतं, पण कागदाला जागा उरलीय.

तुझ्या मासिकवाल्यांना सांग, फोटो चुकलेला न्हाई. सावली हुडकायची तर फरशी कशाला बघता? जिथं माणूस बसलंय ती सावली. मधी मधी मोकळे लांब पट्टे दिसत्यात, तिथं कुत्रंबी न्हाई, ते ऊन.

चन्नम्मा आत्ती